वेगळा डबा

आमची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असे नव्हे, पचत नाही असेही नव्हे. शेंगदाण्याचा एवढासा कण पोटात गेला तरी तिच्या जिवावर बेतते. हे वाक्य मी आजवर किती जणांना सांगितले असेल याची गणती नाही. राहायला सांगलीत आणि माहेर साताऱ्याला असताना हे सांगत फिरणे म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या भगिनींना निराळे समजावून द्यायला नको. आपली चूल कुटाशिवाय पेटत नाही. वांगे भरायचे ते कूट घालून, मेथी परतायची ती कूट पेरून, काकडीची कोशिंबीर असो की आमटी, वरून चमचाभर कूट हवाच. साताऱ्याकडे दाण्याचा म्हाद्या भाकरीबरोबर नेहमीचा. सांगलीचे भडंग तर पाहुण्याला बांधून द्यायची वस्तू. खेड्यात गेले की उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या आणि गूळ-शेंगदाणे येतात. प्रेमाने पुढे केलेल्या त्या वाटीला नको म्हणताना मला अजूनही चोरट्यासारखे होते.

ती तीन वर्षांची असताना आम्हाला हे कळले, आणि कळले ते फार वाईट रीतीने. त्याआधी दोन-तीनदा तिच्या तोंडाभोवती पुरळ उठले होते. उन्हाळ्याची उष्णता म्हणून आम्ही सोडून दिले होते. मे महिन्यात साताऱ्याला आईकडे गेले होते. आईने भाकरीच्या तुकड्याला दाण्याची चटणी लावून नातीला घास भरवला. दहा मिनिटेही झाली नसतील, तिचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या. मग खोकला सुरू झाला, आवाज घोगरा झाला, एकदा ओकारी झाली आणि तिने मान टाकली. माझ्या भावाने तिला मोटारसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी काही न विचारता मांडीत एक इंजेक्शन दिले आणि सलाईन लावले. थोड्या वेळाने ती रडायला लागली. ते रडणे ऐकून आई दवाखान्याच्या पायरीवरच बसली. त्यानंतर वर्षभर तिने नातीला हाताने घास भरवला नाही. "तिचं तिला खाऊ दे," एवढेच म्हणायची.

पुढे मिरजेच्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या. हातावर थेंब टाकून बारीक टोचून पाहिले, रक्त तपासले. निदान शेंगदाण्याचे. दूध, अंडी, गहू, मासे यांपैकी कशाचा त्रास नाही, हे त्यातल्या त्यात बरे. डॉक्टरांनी समजावले ते असे. शेंगदाणा हा काजू-बदामाच्या जातीचा नव्हे, तो हरभरा-वाटाण्याच्या कुळातला. त्यातली प्रथिने काही मुलांच्या शरीराला शत्रू वाटतात आणि शरीर आपल्याच अंगात युद्ध पुकारते. घशाला सूज येते, श्वासाच्या नळ्या आवळतात, रक्तदाब खाली जातो. अशा वेळी ॲलर्जीची गोळी पुरत नाही. गोळीने खाज कमी होईल, पण श्वास मोकळा करायला ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि ताबडतोब. परदेशात त्याचे पेनासारखे तयार साधन मिळते, झाकण काढायचे आणि मांडीवर दाबायचे. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. म्हणून आमच्याजवळ ॲम्प्यूल आणि सिरिंज असते. वजनाप्रमाणे किती द्यायचे ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आहे, आणि कसे द्यायचे ते मला व यांना संत्र्यावर शिकवले. हे एस.टी.त कंडक्टर आहेत. हजार माणसांच्या गर्दीत न डगमगणारा माणूस, पण त्या संत्र्यासमोर त्यांचा हात थरथरत होता.

इंजेक्शन दिले म्हणजे काम संपले असेही नाही. मुलीला आडवे झोपवून पाय उंच करायचे, श्वास लागत असेल तर बसू द्यायचे, आणि बरे वाटले तरी दवाखान्यात न्यायचेच. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. तिला "ऊठ, चालून दाखव" असे कधी म्हणायचे नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या गल्लीत पहिला सल्ला तोच मिळाला होता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "ही शहरातल्या श्रीमंतांची थेरं" असे एक बाई तोंडावर म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "रोज एक-एक दाणा चार, सवय होईल." पहिल्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे विलायत-अमेरिकेपेक्षा कमी आढळते. दुसऱ्यातही एक धागा खरा आहे. इस्राएलमध्ये तान्ह्या मुलांना शेंगदाण्याचे कुरमुऱ्यासारखे खाणे लवकर देतात आणि तिथे ही ॲलर्जी विलायतेतल्या ज्यू मुलांच्या मानाने सुमारे दहा पटींनी कमी, असे २००८ साली दिसून आले. त्यावरून लंडनच्या डॉक्टरांनी सहाशेहून अधिक बाळांवर प्रयोग केला. २०१५ साली निष्कर्ष आला की, बाळाच्या पहिल्या वर्षातच शेंगदाणा पोटात जाऊ लागला तर बहुतेकांना ही ॲलर्जी होत नाही. पण ही गोष्ट ॲलर्जी होण्याआधीची. एकदा झाल्यावर घरच्या घरी दाणा-दाणा चारणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि आमच्या लेकीला तर रांगत असल्यापासून कुटाची आमटी मिळत होती. तरीही झाली. कुणाच्या वाट्याला काय येईल हे सांगता येत नाही.

खरा पेच औषधाचा नव्हता, घरातला होता. डॉक्टर म्हणाले, तिचा तवा वेगळा, पळी वेगळी, डबा वेगळा, कूट घातलेल्या ताटापासून लांब बसवा. मी शिक्षिका, सांगितले तसे करणारी. दुसऱ्या दिवशी तिची भांडी निराळ्या फळीवर मांडली, लाल रंगाने खूण केली आणि जेवायला तिला खिडकीपाशी बसवले. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ताटावरून उठल्या. रागाने नव्हे. भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "पोरीला वेगळं बसवू नको गं. भांडी वेगळी करू नको."

आत्या सत्तरीच्या आहेत. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला कान तुटलेला कप ठेवलेला असे. त्यांचे वडील तो स्वतः विसळून पुढे धरत, मग वरून चहा ओतला जाई. जत्रेत भजी घ्यायची तर ती वरून ओंजळीत टाकली जात, आणि पैसे फळीवर ठेवावे लागत. शाळेत त्या दाराशी बसल्या. १९५६ नंतर घरातले देव गेले, पण गावातला कप गेला नाही. तो जायला आणखी बरीच वर्षे लागली. अशा बाईच्या डोळ्यांदेखत मी तिच्या नातीच्या भांड्यांना खूण केली होती. डॉक्टरांचे बरोबर होते, आणि आत्यांचेही चुकत नव्हते. दोन दिवस घरात कुणी मोकळे बोलले नाही.

तोड आत्यांनीच काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फडताळातली कुटाची बरणी, दाण्याचे पोते आणि घाण्याच्या शेंगतेलाचा डबा शेजारी देऊन टाकला. म्हणाल्या, "तिला कशाला वेगळं काढायचं? दाण्यालाच घराबाहेर काढू." तेव्हापासून आमच्या घरात कूट नाही. वांग्यात सुके खोबरे आणि तीळ घालतो. चटणी कारळ्याची किंवा जवसाची. यांना महिनाभर जेवण गोड लागले नाही. डेपोत भडंग खातात, पण साबणाने हात-तोंड धुऊन मगच मुलीला जवळ घेतात. नुसते पाणी किंवा सॅनिटायझर लावून शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबणच लागतो, हे आम्हाला उशिरा कळले.

घर सांभाळता येते. बाहेरच्या जगाचे काय? मुलीला पाळण्यांचे वेड आहे. मिरजेच्या मीरासाहेबांच्या उरुसात आकाशपाळणा लागला की तिला चैन पडत नाही. आमच्याकडे जत्रा-उरुसाला कुणी नवसासाठी जात नाही, पाळण्यासाठी सगळे जातात. असो. पहिल्या वर्षी मी तिला नेलेच नाही. भट्टीवर दाणे भाजण्याचा वास आला तरी मी घाबरत असे. नुसत्या वासाने सहसा काही होत नाही, पोटात जाणे हाच मुख्य धोका, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर धीर आला. दुसऱ्या वर्षी गेलो. माझ्या पिशवीत ओले फडके, साबणाच्या पाण्याची बाटली, घरची चपाती आणि इंजेक्शनची पेटी. पाळण्याचा दांडा पुसून घेतला. पाळणेवाला हसला, म्हणाला, "वहिनी, साफच आहे की." ती वर जाऊन ओरडली, खाली आली, पुन्हा वर गेली. खाल्ले काहीच नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मेळा खायला नसतो, बसायला असतो." हे तिने स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हटले होते, म्हणून मला बरे वाटले नाही.

महाबळेश्वरला गेलो तेव्हा दुसरीच गंमत. फुटाणे तरी चालतील म्हणून मी गाडीपाशी थांबले, तर त्याच कढईत, त्याच गरम वाळूत आधी शेंगदाणे भाजून काढलेले. फुटाण्याला ॲलर्जी नाही, पण वाळूला कोण विचारणार! स्ट्रॉबेरी मात्र तिने पोटभर खाल्ली. साताऱ्याचे कंदी पेढेही तिला चालतात, दुकानदार ओळखीचा असल्याने तो नवा खोका फोडून देतो.

पाकिटबंद वस्तूंचे थोडे सोपे आहे. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे शेंगदाणा, दूध, अंडे, मासे, सोयाबीन, गव्हासारखी धान्ये असतील तर पाकिटावर तसे लिहावे लागते. आमची लेक इंग्रजी वाचायला शिकली ती पाठ्यपुस्तकातून कमी आणि बिस्किटाच्या पुड्यांवरून जास्त. मात्र हातगाडीवरच्या भेळेला लेबल नसते. तिथे माणसाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

गेल्या मे महिन्यात माझ्या भावाने ठरवले, दोन्ही घरची मुले घेऊन एका मोठ्या मनोरंजन पार्कात जायचे. माझ्या पोटात गोळाच आला. अशा बहुतेक ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. सिनेमागृहांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मालकांना तसा अधिकार आहे असे म्हटले, तान्ह्या बाळाच्या खाण्याची सवलत तेवढी मानली. नऊ वर्षांची मुलगी तान्ही नव्हे. मी आधी फोन केला. पलीकडून उत्तर आले, "डॉक्टरांचे पत्र आणा, बघू." पत्र घेतले.

सांगलीहून साताऱ्याला आम्ही पॅसेंजरने निघालो. आत्याही बरोबर होत्या. मांडीवर तिचा डबा, दशम्या आणि बटाट्याची भाजी. कराड मागे पडले, मसूर आले. आत्यांनी नातीला खिडकीशी बोलावून स्टेशन दाखवले. १९०१ साली दहाएक वर्षांचे बाबासाहेब घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते, ते याच स्टेशनावर उतरले. वडिलांना पत्र पोचले नव्हते, न्यायला कुणी आले नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली. जवळ भरपूर जेवण होते, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही म्हणून रात्रभर उपाशी राहिले. आत्यांनी हे नातीला त्यांच्या बोलीत सांगितले. तिने सगळे ऐकून विचारले, "डबा होता तरी उपाशी?" आत्या "व्हय" म्हणाल्या. मग तिने आपली पाण्याची बाटली हलवून भरलेली आहे का ते पाहिले.

पार्काच्या दारात पिशव्या तपासल्या. डबा दिसताच चौकीदाराने तो बाजूच्या टेबलावर ठेवला. मी पत्र दाखवले. त्याने ते उलटसुलट पाहून साहेबांना बोलावले. मागे रांग खोळंबली, कुणीतरी म्हणाले, "घरचंच खायचं तर येता कशाला?" माझे कान तापले. साहेब सभ्य होते. पत्र वाचले, इंजेक्शनची पेटी पाहिली आणि म्हणाले, "ठीक आहे, पण इतर लोकही मागतील. असं करा, डबा उघडायचा तर मागच्या बाजूला, त्या कोपऱ्यात बाक आहे तिथे बसा. लोकांना दिसू देऊ नका."

मी आत्यांकडे पाहिलेच नाही. मला मान्य करावे लागले. दुसरा मार्ग परतण्याचा होता, आणि मुलगी पाळण्यांकडे टक लावून उभी होती.

दुपारपर्यंत मुलांनी धमाल केली. प्रत्येक पाळण्याचा दांडा मी पुसत होते, माझी भाची मला हसत होती. इंजेक्शनची पेटी मी सावलीत, अंगाजवळ ठेवली होती, ते औषध उन्हात तापू द्यायचे नसते आणि बर्फावरही ठेवायचे नसते. जेवणाच्या वेळी मुलीने आधी एक धाडस केले. जेवणाच्या काउंटरवर जाऊन स्वतः विचारले, "दादा, पुलावात शेंगदाणा आहे का?" तो पोरगा म्हणाला, "नाही." तिने विचारले, "तेल कुठलं?" तो आत गेला, परत आला. म्हणाला, "तेल चालेल ताई, पण हाच डाव आम्ही भेळेच्या मसाल्यालाही लावतो. तू नको खाऊस." एवढ्या गर्दीत त्याला "चालेल" म्हणून मोकळे होता आले असते. त्या पगारी पोराने खरे सांगितले. त्याचे नाव मी विचारले नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे.

मग आम्ही कोपऱ्यातल्या त्या बाकाकडे गेलो. पाठीशी कचऱ्याचे पिंप, समोर भिंत. आत्या बसेनात. उभ्याच राहिल्या, पदर तोंडाशी धरून. मी म्हटले, "आत्या, औषधासारखं आहे हे, तसलं नाही." त्या म्हणाल्या, "मला कळतंय गं. कळतंय म्हणूनच बसवत नाही." मला काय बोलावे सुचेना. तेवढ्यात लेकीने डबा उघडून म्हटले, "आजी, बस की, मला भूक लागलीय." आत्या बसल्या. तिच्या डब्यातली दशमी मोडून तिच्याबरोबर खाऊ लागल्या. थोड्या वेळाने माझा भाऊ, वहिनी, मुले आपापली ताटे काउंटरवरच ठेवून, हात धुऊन तिथे आली. बाकावर जागा नव्हती, ती जमिनीवर बसली. डबा एका मुलीचा, खाणारी सात माणसे. कुणाचेच पोट भरले नाही.

संध्याकाळी आइस्क्रीम हवे झाले. कोनाच्या वेष्टनावर सुक्यामेव्याचा अंश असू शकतो असे लिहिलेले तिनेच वाचले आणि कोन परत ठेवला. बर्फाच्या कांडीवर तसे काही नव्हते. केशरी कांडी चोखत ती शेवटच्या पाळण्यात बसली.

परतीच्या प्रवासात आत्या फारसे बोलल्या नाहीत. सांगलीला उतरताना म्हणाल्या, "पोरीला पुन्हा न्यायचं. पण त्या कोपऱ्यात मी बसणार नाही. साहेबाला आधी पत्र लिही. लिही, की डबा आम्ही सगळ्यांच्यात बसून उघडणार." मी म्हटले, "नाही म्हणाले तर?" म्हणाल्या, "नाही तर नाही. लिही तर आधी."

मी पत्र लिहिले आहे. सोबत डॉक्टरांच्या पत्राची प्रत जोडली, आणि जेवणाच्या काउंटरवर त्या दिवशी दुपारी असलेल्या मुलाचे कौतुकही लिहिले. पत्राखाली लेकीने आपल्या अक्षरात एक ओळ घातली आहे, भेळेसाठी वेगळा डाव ठेवा अशी. दिवाळीच्या सुट्टीला अजून अवकाश आहे. उत्तर आलेले नाही.